कामेच्छान्यूनता, तरुण स्त्रियांतील

लैंगिक इच्छा दीर्घकाळ मंदावणे वा नाहीशी होणे आणि त्यामुळे स्त्रीला स्वतःला क्लेश होणे, या अवस्थेस कामेच्छान्यूनता म्हणतात. क्लेश हा या व्याख्येचा आवश्यक भाग होय; इच्छा कमी असूनही जिला तिची खंत नाही, ती स्त्री रुग्ण ठरत नाही. या अवस्थेचे मूळ अंतःस्रावी ग्रंथींच्या असंतुलनात शोधण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. मात्र त्यांतील बहुतेक निष्कर्ष गंभीर आजारी किंवा रजोनिवृत्त स्त्रियांवरून काढलेले होते आणि तेच पुढे तरुण स्त्रियांना लावण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न विचारलाच जात नव्हता. इंग्लिश शल्यचिकित्सक विल्यम ॲक्टन यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बहुसंख्य स्त्रियांना कामभावना फारशी नसतेच, असे प्रतिपादिले. या मताप्रमाणे इच्छेचा अभाव हा स्वभाव व तिचे अस्तित्व हाच दोष ठरे. अमेरिकेतील रॉबर्ट बॅटी यांनी १८७२ मध्ये ऋतुस्रावाशी निगडित त्रासावर उपाय म्हणून अंडकोश (स्त्रीबीज तयार करणाऱ्या ग्रंथी) काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे ती मानसिक विकार व ‘अतिरिक्त’ कामेच्छा यांवरही केली गेली. अंडकोश काढल्यावरही अनेक स्त्रियांची इच्छा टिकून राहते, हे कालांतराने लक्षात आले व अंडकोश हेच इच्छेचे एकमेव उगमस्थान होय ही समजूत डळमळली. मराठीत र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून स्त्रीलाही पुरुषासारखीच कामेच्छा असते, हे ठामपणे मांडले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, यावरून त्या काळी या विषयाची चर्चा किती अवघड होती याची कल्पना येते.

‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. ईस्ट्रोन हे पहिले स्त्रीमदजन हॉर्मोन १९२९ मध्ये, तर टेस्टोस्टेरोन हे पौरुषजन हॉर्मोन १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. नावामुळे टेस्टोस्टेरोन केवळ पुरुषांचे मानले गेले, तरी स्त्रीच्या अंडकोशांत व अधिवृक्क ग्रंथींतही पौरुषजने तयार होतात. अन्य विकारांसाठी ते दिलेल्या स्त्रियांची कामेच्छा वाढल्याचे सॅमन व गाइस्ट यांनी, तसेच रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी १९४३ मध्ये नोंदविले. मात्रा मोठ्या असल्यास चेहऱ्यावर केस येणे, आवाज घोगरा होणे असे परिणामही दिसत.

वॅक्सेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९५९ मधील निरीक्षण विशेष प्रभावी ठरले. स्तनाच्या प्रगत कर्करोगामुळे ज्यांचे अंडकोश व अधिवृक्क ग्रंथी दोन्ही काढल्या होत्या, अशा स्त्रियांची इच्छा बहुतांशी लोपली होती. त्यावरून पौरुषजन हेच स्त्रीच्या इच्छेचे हॉर्मोन होय, हे सूत्र पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. या स्त्रिया मरणांतिक व्याधीने ग्रासलेल्या होत्या आणि व्याधी, वेदना व भीती यांचा वाटा वेगळा काढणे शक्य नव्हते, ही मर्यादा मात्र मागे पडली. बार्बरा शर्विन व सहकाऱ्यांचा १९८५ मधील प्रयोग अधिक काटेकोर होता, परंतु तोही शस्त्रक्रियेने रजोनिवृत्त झालेल्या स्त्रियांवरील होता.

सूत्राची खरी कसोटी २००५ मध्ये लागली. सुसान डेव्हिस व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील १८ ते ७५ वर्षे वयाच्या १,०२१ स्त्रियांच्या रक्तातील पौरुषजने मोजून त्यांचा लैंगिक जीवनाशी संबंध तपासला. कोणत्याही एका पौरुषजनाच्या पातळीवरून मंद इच्छा ओळखता येत नाही, असे दिसून आले. ४५ वर्षांखालील गटात अधिवृक्क ग्रंथीतील डीएचईए सल्फेट या द्रव्याच्या अतिशय कमी पातळीशी काही संबंध आढळला. पण ज्यांची ही पातळी कमी होती, त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना कोणताही त्रास नव्हता. स्टाइन व लेव्हेन्थाल यांनी १९३५ मध्ये वर्णिलेल्या बहुपुटी अंडकोश विकारातही हाच धडा मिळतो. त्यात पौरुषजने बहुधा वाढलेली असतात, तरी इच्छा वाढलेली नसते.

याचा अर्थ हॉर्मोनांचा संबंधच नाही असा नव्हे. पोष ग्रंथीतील प्रोलॅक्टिन हे मानवात स्वतंत्र हॉर्मोन असल्याचे १९७० च्या सुमारास सिद्ध होऊन त्याचे मापन शक्य झाले. ते वाढल्यास ऋतुस्राव थांबतो, स्तनांतून दूध येते व इच्छा मंदावते; ब्रोमोक्रिप्टीन, कॅबरगोलीन यांसारख्या औषधांनी हे बहुधा सुधारते. अवटू ग्रंथीची मंदता, चाळिशीपूर्वीच अंडकोशांचे कार्य थांबणे, अतिशय कमी आहार व अतिव्यायाम यांमुळे ऋतुस्राव बंद होणे आणि प्रसूतीनंतरचा स्तनपानाचा काळ ही तरुण वयातील अन्य कारणे होत. १९६० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या संततिप्रतिबंधक गोळीने रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरोन घटते. तथापि गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या इच्छेत फरक पडत नाही. काहींची ती कमी होते, तर काहींची गर्भाची भीती गेल्याने वाढतेही. काही अवसादरोधी औषधांनीही इच्छा मंदावते आणि मूळ अवसाद हेही कारण असू शकते.

हेलेन सिंगर कॅप्लन व हॅरॉल्ड लीफ यांनी १९७७ मध्ये इच्छेच्या विकाराचा स्वतंत्र विचार मांडला आणि १९८० मध्ये तो अमेरिकी मानसरोग वर्गीकरणात आला. तरुण स्त्रियांसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झालेले फ्लिबान्सेरिन हे हॉर्मोन नाही. ते मूळचे अवसादावरील औषध म्हणून विकसित होत होते. २०१० व २०१३ मध्ये नाकारले गेल्यानंतर मान्यता मिळालेल्या या औषधाने महिन्यास सरासरी अर्ध्या ते एका समाधानकारक प्रसंगाचीच भर पडते. २०१९ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञसंघटनांनी एकत्रितपणे असे जाहीर केले की, टेस्टोस्टेरोनाच्या उपयोगास पुरावा आहे तो रजोनिवृत्त स्त्रियांपुरताच. रक्तातील त्याच्या पातळीवरून या विकाराचे निदान करू नये.