लहान शिडाचा लांब पल्ला

मराठ्यांच्या आरमाराचे चित्र कुणालाही काढायला सांगा, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या शाळेतल्या मुलाला किंवा मालवणच्या. कागदावर बहुधा तीन डोलकाठ्यांचे, उंच पिछाडीचे, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा असलेले जहाज उतरते. हे जहाज इंग्रज-डचांच्या चित्रांतून आपल्या डोळ्यांत बसले आहे. कोकणचा दर्या शंभर वर्षे ज्यांनी राखला ती गलबते, मचवे आणि शिबाडे त्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसतात, आणि दिसायला किरकोळ म्हणून आपण त्यांना इतिहासातही किरकोळ ठरवून टाकले. गेल्या काही दशकांत जगभरचे शिडाचे शौकीन मोठ्या बोटी सोडून लहान बोटींकडे वळत आहेत. त्याकडे नवी हौस म्हणून पाहिले जाते. मला ते तसे वाटत नाही. लहान शीड पत्करण्यामागची कारणे कोकणात तीनशे वर्षांपूर्वी पूर्ण विचारांती मांडली गेली होती, त्यावर राज्याचे धोरण आखले गेले होते, आणि आजची कारणे त्याहून फारशी वेगळी नाहीत: पाण्याची खोली, वाऱ्याचा लहरीपणा, हाताशी असलेली माणसे आणि गाठीचा पैसा.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजी महाराजांच्या हाती प्रथमच खाडी लागली. जहाजबांधणी तेव्हापासूनच सुरू झाली. रुई लैतांव व्हियेगस नावाच्या पोर्तुगीज कारागिराला त्याच्या माणसांसह कल्याणला कामाला ठेवले होते, आणि पोर्तुगीज गव्हर्नराने हे लोक परत काढून घेण्याची खटपट केली, यावरून त्या कामाची धास्ती कुणी घेतली होती ते कळते. १६६५च्या फेब्रुवारीत महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीला निघाले तेव्हा ताफ्यात ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे होती. हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. मोठी जहाजे बांधता येत होती, ती बांधलीही होती, पण भरवसा टाकला होता तो लहान गलबतांवर. पन्नास वर्षांनी, १७१५च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात हा अनुभव नियमाच्या रूपात आला आहे: तरांडी फार मोठी नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत, वाऱ्याशिवाय जे हलत नाही असे अवजड जहाज बांधण्यात अर्थ नाही. त्याच प्रकरणात आरमाराच्या खर्चाला मुलखातून ठराविक नेमणूक लावून द्यावी, ती बंदराच्या उत्पन्नावर टाकली तर सावकारांना त्रास होऊन व्यापार बुडतो, हेही बजावले आहे. लाकडासाठी राज्यातला साग-शिसव परवानगीने तोडावा, पण रयतेच्या आंबा-फणसाला जबरदस्तीने हात लावू नये, अशी ताकीद आहे. अमात्यांनी जहाजाचा आकार, त्याचा खर्च आणि रानातले झाड हे तीन प्रश्न एकत्र सोडवले. मोठे जहाज तिन्ही बाजूंनी महाग पडते, हे त्यांना नीट कळले होते.

गलबत चालायचे कसे, हे ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात बारकाईने लिहून ठेवले आहे. मराठ्यांचे आरमार चालवणाऱ्या आंग्र्यांचे गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. त्यावर शीड असे आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला तरी वल्ह्यांच्या जोरावर ते तासाला चार मैल जाऊ शके. गुराब त्याहून मोठी, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. तिच्या नाळेवरून पुढे तोंड करून तोफा डागल्या जात. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते माणसांनी ठासून भरून एका मोठ्या जहाजावर तुटून पडत. वारा पडलेला असेल तर गलबते गुराबांना दोरखंडाने ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभ्या करत. मोठ्या जहाजाची सगळी ताकद दोन अंगांना, पिछाडीला जवळजवळ काही नाही, आणि वाऱ्याशिवाय त्याला वळताही येत नाही. त्या अवस्थेत गुराबा त्याच्या डोलकाठ्या आणि दोर नेमके तोडत, आणि ते पांगळे झाले की गलबतांवरची माणसे चारी बाजूंनी चढत. कान्होजी आंग्र्यांचा दरारा या एका हिशेबावर उभा होता. कोकण किनाऱ्यावर रात्री जमिनीवरून मतलई सुटते, दुपारी समुद्राकडून वारा येतो, आणि या दोहोंच्या मधे पाणी काही तास निपचित पडते. हे तास कोणाचे, यावर लढाईचा निकाल लागे.

खांदेरीचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे, आणि सर्वांत प्रामाणिकही, कारण त्यात दोन्ही बाजूंचा पुरावा आहे. १६७९च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर तटबंदीला हात घातला. इंग्रजांनी ती अडवायला जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने त्यांच्यावर हल्ला चढवला. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब शरण आली, पण ‘रिव्हेंज’ या एकट्या जहाजाने तोफांच्या मारावर पन्नासेक गलबतांना परतवून लावले. उघड्या पाण्यात, वारा असताना, मोठ्या तोफांपुढे लहान गलबत टिकत नाही, हे इथे सिद्धच झाले आणि ते नाकारण्यात काही हशील नाही. पण लढाई कशासाठी होती? बेटावर दगड, चुना, दाणागोटा आणि माणसे पोहोचू नयेत म्हणून. ते मात्र पोहोचतच राहिले. थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून निघत आणि पहाटेपूर्वी बेटाला लागत. इंग्रजांच्या जहाजांना तिथे शिरताही येत नव्हते आणि पाठलाग करून गाठताही येत नव्हते. शेवटी इंग्रजांना स्वतःच भाड्याने शिबाडे आणि मचवे घ्यावे लागले. १६८०च्या सुरुवातीला त्यांनी माघार घेतली. खांदेरीचा किल्ला आजही तिथे आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मोठे जहाज बांधण्याची अक्कल आणि साधने नव्हती म्हणून आपण लहानावर समाधान मानले. हा आक्षेप मुंबईच्या गोदीने खोडून काढला आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे ब्रिटिश नौदलासाठी प्रचंड सागवानी जहाजे बांधली: १८१३चे ‘कॉर्नवॉलिस’, १८१७चे ‘ट्रिंकोमली’, १८२१चे ८४ तोफांचे ‘गँजेस’. ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. फळ्यांच्या कडांना खाच पाडून त्या एकमेकींत बसवायच्या आणि सांध्यात कापूस व राळ भरायची, ही पश्चिम किनाऱ्याची जुनी पद्धत. तिच्यामुळे ही जहाजे दोन-दोन पिढ्या टिकली. म्हणजे हात तेच होते, झाड तेच होते. पैसा देणारे गिऱ्हाईक आणि खोल पाणी मिळाले तेव्हा त्याच किनाऱ्याने मोठी जहाजेही बांधली. त्यामुळे गलबत लहान राहिले ते अडाणीपणामुळे, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे अख्खे आरमार जळाले आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे गलबतांचा काळ संपला, असे सांगितले जाते. घटना खरी, निष्कर्ष घाईचा. ॲडमिरल वॉटसनची जहाजे खाडीत आली तेव्हा तुळाजींचे आरमार किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभे होते. एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या कंपनीकडून पूर्वी जिंकलेल्या जहाजावर पडला, ते पेटले, आणि आग एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेली. जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या साथीला होती. ज्या आरमाराची सगळी ताकद हलण्यात होती ते हलवलेच गेले नाही, आणि ज्यांच्या जिवावर ते उभे राहिले त्या मराठी सत्तेनेच त्याच्यावर हत्यार धरले. या दिवसाचा दोष बोटीच्या आकारावर टाकणे म्हणजे पेशव्यांच्या त्या निर्णयाला मोकळे सोडणे आहे, आणि मराठी इतिहासात याहून महाग पडलेले निर्णय थोडेच असतील. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की लहान गलबतांनी आपल्याला किनाऱ्याचे धनी केले, समुद्राचे नाही. खोल समुद्रात जाऊन युरोपीय ताफ्याला रोखण्याचे साधन मराठ्यांपाशी कधीच नव्हते.

लढाई संपली तरी लहान शीड संपले नाही. वाडियांच्या गोदीतली मोठी शिडाची जहाजे वाफेच्या इंजिनापुढे पन्नास वर्षांत कालबाह्य झाली. पडाव, मचवे आणि फत्तेमाऱ्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मंगलोरी कौले, मीठ, नारळ आणि सरपण वाहत राहिल्या. त्यांनी वाफेशी स्पर्धा केलीच नाही. वाफ जिथे जाऊ शकत नव्हती तिथे त्या गेल्या. कोकणातल्या खाड्या गाळाने भरत चालल्या होत्या. महाड, गोवळकोट, राजापूर ही खाडीत आत शिरलेली बंदरे मोठ्या बोटींना पारखी झाली होती, पण भरतीबरोबर आत शिरणाऱ्या आणि ओहोटीला चिखलात बसणाऱ्या लहान तारवाला त्याचे काही वाटत नसे. मुंबईहून येणारी आगबोट तर पुष्कळ बंदरांवर खोल पाण्यातच उभी राही आणि चाकरमान्यांना, त्यांच्या ट्रंकांसकट, लहान होडीतूनच धक्क्यावर उतरावे लागे.

आता आजच्या ओढीकडे येऊ. बोटीची लांबी दुप्पट केली की वजन साधारण आठपट होते, शीड चौपट लागते, आणि ते ओढायला हात पुरत नाहीत; मग यंत्रे येतात, यंत्रांची दुरुस्ती येते, पगारी खलाशी येतात. लहान बोटीत हे सारे एका माणसाच्या दंडात मावते. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारा तो पहिला. त्याची ‘सुहैली’ अवघी ३२ फुटांची, आणि ती बांधली होती मुंबईत, सागवानात, इथल्या मिस्त्रींनी हातहत्यारांनी. ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी माहीत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. भारतीय नौदलाकडे ५४ मीटरची ‘तरंगिणी’ होती आणि तिने २००३-०४ मध्ये जग फिरून आणले. पण देशाला खलाशी म्हणून ओळख दिली ती १७ मीटरच्या ‘म्हादेई’ने. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ती बांधली. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यावरून एकटे जग फिरून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. २०१८ मध्ये टॉमींची लहान ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, म्हणून लहान बोटीचा धोका मी कमी लेखत नाही. तेच टॉमी २०२३ मध्ये ३६ फुटी बोटीतून गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दुसरे आले. त्या शर्यतीचा नियमच ३२ ते ३६ फुटांच्या बोटींचा आहे.

हे सारे श्रीमंतांचे खेळ, असे कुणी म्हणेल. मोठ्या बोटींबाबत ते खरे आहे. लहान बोटीने मात्र हा खेळ किनारा आणि क्लब सोडून देशात आत आणला आहे. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड धरायला शिकली आणि २०२३च्या हांगझोऊ आशियाई खेळांत तिने रौप्यपदक जिंकले. तिची बोट जेमतेम चार मीटर लांब, एकाच माणसाने चालवायची. भोपाळला समुद्र नाही, तसा तो यवतमाळलाही नाही. पण कळंबच्या शेजारच्या बाभुळगाव तालुक्यात बेंबळा धरणाचा मोठा जलाशय आहे, आणि उन्हाळ्यात विदर्भाच्या माळरानावर वारा काही कमी नसतो. आज आपण त्या पाण्याकडे सिंचन आणि मासेमारी एवढ्यापुरतेच पाहतो, आणि ते दोन्ही उपयोग आधी, यात वाद नाही. तरी जिल्हा क्रीडा खात्याने दोन-चार लहान शिडाच्या बोटी, अंगावर बांधायची जॅकेटे आणि भोपाळहून एक प्रशिक्षक एवढी व्यवस्था करून पाहावी. आरमाराचा खर्च नेमून द्यावा, तो कुणाच्या मर्जीवर सोडू नये, असे अमात्यांनी लिहून ठेवलेच आहे.