मांडव, पडदा आणि भिंत : पुण्यातील रस्त्यावरची कला आणि कर्तृत्वाचा प्रश्न

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली, तेव्हा ‘निबंधमाला’ सुरू होऊन चार वर्षे झाली होती. वाङ्मयेतिहासकार या घटनेची नोंद बहुधा एका वाक्यात करतात आणि शास्त्रीबोवांच्या स्वदेशाभिमानी उद्योगांच्या यादीत, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ यांच्या शेजारी तिला बसवून पुढे जातात. मराठी समीक्षेचा पाया घालणाऱ्या लेखकाला बाजारात विकल्या जाणाऱ्या शिळाछापाच्या चित्रांचा कारखाना काढावासा का वाटला, हा प्रश्न मात्र वाङ्मयीन प्रश्न म्हणून विचारला गेलेला नाही. शिळाछापाचे चित्र एका हाताचे नसते. मूळ आकृती रेखाटणारा, ती दगडावर उतरवणारा, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड जुळवणारा आणि यंत्र चालवणारा असे अनेक हात त्यात असतात. चित्रशाळेतून निघालेले रामपंचायतन किंवा नाना फडणविसांचे चित्र घराघरांत, दुकानांत आणि देवळांच्या ओवऱ्यांत पोचले ते छापखान्याच्या नावाने. चित्रकाराच्या नावाने नव्हे.

चिपळूणकरांनंतरच्या समीक्षेने या बहुहस्त निर्मितीकडे पाठ फिरवली. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात कलाकृती ही संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली स्वायत्त घटना ठरते, आणि अशा घटनेला तिची जाणीवपूर्वक रचना करणारा एक कर्ता गृहीत धरावा लागतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) या स्वायत्ततेची कठोर तपासणी केली, परंतु तपासणीसाठी समोर ठेवलेली उदाहरणे प्रामुख्याने नामांकित कलावंतांच्या कृतींचीच राहिली. अपवाद द. ग. गोडसे यांचा. ‘पोत’ (१९६३) लिहिणारे गोडसे स्वतः नेपथ्यकार होते. शिंपी, सुतार आणि प्रकाशयोजनाकार यांच्यासोबत काम करणाऱ्याला कलाकृतीचा धागा एकट्याच्या मनातून निघत नाही हे सांगावे लागत नाही. एखाद्या काळाच्या वस्त्राचा, शिल्पाचा आणि शब्दाचा पोत एकत्र पाहण्याची त्यांची दृष्टी या अनुभवातून आली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

अलीकडे ‘रस्त्यावरचे कलावंत’ आणि ‘समकालीन ललितकलावंत’ यांच्या सहकार्याची भाषा पुण्यात रुळली आहे. २०१२ साली हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने कसबा पेठेतील भिंती रंगवण्याचा प्रकल्प झाला. पुणे बिएनालेच्या २०१३, २०१५ व २०१७ च्या आवृत्त्यांनी शहर हीच प्रदर्शनाची जागा असल्याची कल्पना मांडली. या उपक्रमांचे स्वागत नव्या पर्वाचा आरंभ म्हणून झाले. परंतु पुण्यात शिक्षित कलावंत आणि रस्ता यांची गाठ शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ती कोणत्या अटींवर पडत आली आणि त्या अटींत कोणाचे नाव उरले, कोणाचे पुसले गेले, हे पाहिल्याशिवाय ‘सहकार्य’ या शब्दाला अर्थ येत नाही.

या इतिहासाचे एक टोक कोल्हापुरात आहे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ पासून ‘आर्टिस्ट’ घडवीत होते, त्याच काळात मराठी समाजाने ‘पेंटर’ हा शब्द आपलासा करून त्याला आडनावाची प्रतिष्ठा दिली. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील भाऊ पेंटर झाले ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून. संगीत नाटकाच्या पडद्यावरचा राजवाडा, अरण्य आणि रस्ता ही मराठी प्रेक्षकाने पाहिलेली पहिली भव्य चित्रे होत. कोणत्याही दालनात न गेलेल्या माणसाने छायाभेद आणि यथार्थदर्शन यांचा पाठ घेतला तो तिकीट काढून. पुढे बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यात मंडईजवळच्या आर्यन चित्रगृहात लागली. याच तालमीतील विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल ‘प्रभात’सह १९३३ साली पुण्यात आले, आणि पडदा रंगवणाऱ्या हाताचे चित्रपटाच्या कलादिग्दर्शनात रूपांतर झाले. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय चित्र-पोस्टरांत सर्वांत जुन्यांपैकी गणले जाते; म्हणजे रस्त्यावरच्या भिंतीवर चित्रकाराने केलेली चढाई २०१२ ची नव्हे.

या परंपरेत पेंटरचे नाव टिकले, हे लक्षणीय आहे. ललितकलादर्शचे चित्रकार पु. श्री. काळे यांनी तर ‘ललितकलेच्या सहवासात’ हे आठवणींचे पुस्तकच लिहिले. नाटकमंडळी त्या चित्रांची जाहिरात करीत असे, आणि पडदा गावोगाव फिरत असल्याने त्याला आयुष्य होते. पडद्याचा कपडा तीच मंडळी वर्षानुवर्षे वापरीत. फाटला तर शिवीत. नाव आणि टिकाऊपणा यांचा हा संबंध पुढच्या सर्व विवेचनाला उपयोगी पडणारा आहे.

आता गणेशोत्सवाच्या मांडवाकडे वळता येईल. पुण्यातील कलाशिक्षित माणूस आणि रस्त्यावरचा कारागीर यांचे सर्वांत सातत्यपूर्ण, सर्वांत मोठे आणि समीक्षेने सर्वांत दुर्लक्षिलेले सहकार्य येथे घडते. मांडवाची उभारणी बांबू, सुतळी आणि काथ्याने सुरू होते. मांडववाला सांगाडा बांधतो, सुतार चौकटी ठोकतो, मूर्तिकार प्लास्टरचे वा फायबरचे साचे काढतो, विजेचा माणूस माळा आणि फिरणारे यंत्र जोडतो, आणि मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीच्या हिशेबापासून रात्रीच्या जागरणापर्यंत सर्वत्र असतात. यांतील कोणीही ‘कलावंत’ म्हणून आलेला नसतो; तरीही रात्री दोन वाजता कमानीचा तोल चुकला आहे हे सांगणारा कार्यकर्ता सौंदर्यविषयक निर्णयच घेत असतो. मर्ढेकरांचा समतोल येथे शिडीवर चढलेला दिसतो.

शिल्पकार डी. एस. खटावकर यांचे काम या संदर्भात पायाभूत म्हणावे लागेल. तुळशीबागेच्या गणपतीची फायबरची भव्य मूर्ती त्यांनी १९७५ मध्ये घडवली, आणि त्या मंडळाची सजावट दीर्घकाळ त्यांच्या कल्पनेतून उभी राहिली. पुढे विवेक खटावकरांनी तो वारसा चालवला. शाडूची मूर्ती विरघळण्यासाठीच घडवलेली असते. तिचा मूर्तिकार कुंभारवाड्यात वा पेणमध्ये ओळखला जाईल. परंतु मंडळाच्या इतिहासात तो क्वचितच येतो. फायबरने ही अट बदलली. मूर्ती पुढच्या वर्षीही तीच राहू शकली आणि तिच्यासोबत शिल्पकाराचे नाव राहिले. द्रव्य बदलल्याबरोबर कर्तृत्वाची कल्पना बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रंथांतही सहसा सापडत नाही. मात्र त्याच मांडवाच्या कमानी, खांब आणि पाठीमागचा रंगवलेला पडदा दहा दिवसांनी उतरतो, आणि ते करणाऱ्यांची नावेही त्याच्याबरोबर उतरतात. एकाच कृतीच्या पोटात नामवंत आणि अनाम असे दोन कर्तृत्वाचे थर तयार होतात. त्यांची विभागणी गुणवत्तेवरून होत नाही, द्रव्याच्या आयुष्यावरून होते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही विभागणी अपरिचित वाटू नये. जात्यावरची ओवी नावावाचून फिरली. अभंगाने शेवटच्या चरणात नाममुद्रा ठेवली. ती नाममुद्राही एका हाताची राहिली नाही, हे नामा या मुद्रेखाली एकत्र आलेल्या रचनांच्या वादावरून आणि विष्णुदास नामा या कवीच्या वेगळेपणाच्या प्रश्नावरून ठाऊक आहे. संहिताचिकित्सेने येथे कर्ता निवडून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु एका मुद्रेखाली अनेकांनी रचना करावी असे त्या समाजाला का वाटले, हा त्यामागचा अधिक मूलगामी प्रश्न आहे. ‘मंडळ’ हीदेखील एक नाममुद्राच आहे. तुळशीबाग, मंडई, कसबा अशा नावांखाली दरवर्षी वेगळे हात काम करतात, आणि प्रेक्षक त्या नावानेच कृती ओळखतो, तुलना करतो, गेल्या वर्षीच्या देखाव्याची आठवण काढतो.

जिवंत देखावा हा तर सरळ वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येणारा प्रकार आहे. हौशी नट मुकाभिनय करतात आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले निवेदन व संवाद ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतात. प्रसंग शिवचरित्रातला, संतचरित्रातला किंवा त्या वर्षीच्या सामाजिक प्रश्नावरचा असतो, आणि गर्दी पुढे सरकली की तो पुन्हा पहिल्यापासून होतो. त्याला लिखित संहिता असते. आवाज एकाचा आणि देह दुसऱ्याचा, ही रचना बाहुल्यांच्या खेळाची आठवण देणारी आहे. या संहितांचा संग्रह नाही, त्यांच्या लेखकांची सूची नाही, आणि एकांकिकेच्या इतिहासात त्यांना स्थान नाही. पुण्यात दरवर्षी हजारो माणसे उभ्याने पाहतात त्या नाट्यप्रकाराबद्दल नाट्यसमीक्षा गप्प राहते, यात प्रेक्षकाचा दोष मानता येणार नाही.

विसर्जन मिरवणुकीपुढे घातल्या जाणाऱ्या रांगोळीच्या पायघड्यांत हा तर्क टोकाला जातो. तेथे कृती पूर्ण होते ती ढोलपथकाच्या पावलांखाली पुसली जाताना. ती पुसणे हा तिचा अपघात नव्हे, प्रयोजन आहे. स्वाक्षरी करण्याइतका वेळही ती टिकत नाही.

या पार्श्वभूमीवर कसब्यातील भिंतींकडे पाहिले असता वेगळेच काही दिसते. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. तांबट आळी, कुंभारवाडा, भोई आळी यांची वस्ती. भिंतीवरचा रंग दोन-चार पावसाळ्यांत उडतो, भिंत पडते, वाड्याच्या जागी इमारत येते. टिकाऊपणाच्या निकषाने ही चित्रे मांडवाच्या पडद्याहून फारशी वेगळी नाहीत. तरीही ती कर्त्याच्या नावाने ओळखली जातात. याचे कारण भिंतीत नाही, छायाचित्रात आहे. चित्र पूर्ण झाल्याक्षणी त्याची प्रतिमा तयार होते, नावासह फिरते, आणि भिंत गेल्यावरही उरते. मांडवाची छायाचित्रेही वृत्तपत्रांतून येत आलीच. पण त्यांखाली मंडळाचे नाव छापले जाई. म्हणजे नवेपण आहे ते श्रेयलेखनाच्या पद्धतीत. रस्त्यावर चित्र काढण्याच्या क्रियेत नवे असे फार थोडे आहे.

‘रस्त्यावरचा कलावंत’ म्हणून आज ज्याला ओळखले जाते तो बहुधा कलाशिक्षण घेतलेला असतो. त्याचे आणि समकालीन ललितकलावंताचे सहकार्य हे पुष्कळदा एकाच वर्गातील दोन बाकांचे सहकार्य असते. अगोदरपासून रस्त्यावर असलेला पाट्या रंगवणारा पेंटर या व्यवहारात कोठे आहे? २००० नंतरच्या काही वर्षांत फ्लेक्सच्या छपाईने त्याचा धंदा मोडला. नेमक्या त्याच काळात अतुल दोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर एनॅमल रंगांत चित्रे काढली आणि ती आंतरराष्ट्रीय दालनांत पोचली. दोडियांच्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही. परंतु शटरचा रंग, त्याचे अक्षर आणि त्याची उघडझाप ज्यांनी घडवली त्यांची भाषा दालनात गेली आणि भाषक बाहेर राहिले, ही वस्तुस्थिती नोंदवणे भाग आहे. उलट दिशेचे उदाहरण मुंबईचे. २०१४ साली वांद्र्यातील महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचे प्रचंड चित्र काढणारे रणजित दहिया आरंभी घरे रंगवण्याचे काम करीत होते. दोन्ही बाजू एकाच देहात आल्या की ‘सहकार्य’ हा शब्द अनावश्यक होतो. हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले होते. चरित्रकारांनी मात्र त्या वर्षांकडे कष्टाची प्रस्तावना म्हणूनच पाहिले.

कायद्यालाही हा पेच सुटलेला नाही. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा १९९५ चा अधिनियम अनुज्ञेवाचून भिंतीवर लिहिलेल्या-रंगवलेल्या मजकुराकडे विद्रूपण म्हणून पाहतो; कलात्मक मूल्य हा त्याचा विषय नाही. दुसरीकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाचे ५७ वे कलम कर्त्याला आपल्या कृतीच्या विटंबनेविरुद्ध दाद मागू देते. त्याच आधाराने विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने निर्णय दिला. सहगल एकटे होते, नामवंत होते, आणि कृती कांस्याची होती. मांडवाची कमान मोडली तर दाद कोणी मागायची? सुताराने, मूर्तिकाराने, की मंडळाच्या अध्यक्षाने?

झाशा कोलाह आणि लुका चेरित्सा यांनी संयोजित केलेल्या २०१७ च्या बिएनालेने दैनंदिन जागांतील सहवास हेच सूत्र घेतले होते, आणि ते शहराच्या स्वभावाशी जुळणारे होते. सहवासाची जी व्यवस्था या शहरात आधीच चालू आहे तिच्याशी अशा उपक्रमांनी अधिक गंभीर संवाद करावा, ही अपेक्षा मात्र शिल्लक राहते. ‘आमंत्रित कलावंत’ आणि ‘साहाय्यक’ अशा दोन याद्या छापल्या गेल्या, की मांडवात निदान लपलेली उतरंड कागदावर पक्की होते.

२०१८ च्या प्लास्टिक व थर्माकोलबंदीनंतर मांडवांतून थर्माकोल गेला आणि कागद, कापड, बांबू यांचे काम जाणणाऱ्या हातांची पुन्हा गरज पडली. कोरीव थर्माकोलवर दोन-तीन दशके हात बसवलेल्यांना नवे द्रव्य शिकावे लागले. त्यांनी काय शिकले, कोणाकडून शिकले आणि मंडळांनी त्याची नोंद कोठे ठेवली, हे वर्गणीच्या पावतीपुस्तकांत, हिशेबाच्या वह्यांत आणि सजावटकारांच्या कच्च्या रेखाटनांत शोधावे लागेल. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरताना रद्दीबरोबर सर्वांत आधी जातात ती हीच कागदपत्रे.