वहिवाटदार आणि अभ्यागत : इंग्लंडमधील सामाईक जमिनींवरील विहाराच्या नियमांचा इतिहास (१८६५–२०२५)

प्रस्तावना

सार्वजनिक उद्यानातील नियमफलक आणि संरक्षित सामाईक जमिनीवरील नियमफलक हे वरकरणी सारखेच दिसतात. वाहन आणू नये, आग पेटवू नये, कुत्रा आवरून धरावा, झाडे तोडू नयेत, हा मजकूर दोन्हीकडे आढळतो. परंतु उद्यान हे मुळातच लोकांच्या विरंगुळ्यासाठी आखलेले असते; सामाईक जमीन तशी नसते. तिच्यावर पूर्वापार कोणाची तरी गुरे चरत असतात, कोणी तरी सरपण नेत असतो आणि तिची मालकी बहुधा तिसऱ्याच कोणाकडे असते. अशा जमिनीवर केवळ मोकळ्या हवेसाठी येणाऱ्या माणसाचे स्थान कायद्याच्या दृष्टीने कोणते, हा प्रश्न इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. अभ्यागताचा हक्क तेथे वहिवाटदाराच्या हक्काच्या आधाराने उभा राहिला आणि पुढे अभ्यागतासाठी केलेल्या नियमांनी त्याच वहिवाटदाराला अनेक ठिकाणी बाजूला सारले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

'कॉमन' या संज्ञेचा अर्थ

'कॉमन' या शब्दास मराठीत 'गायरान' हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु तो फसवा आहे. गायरानाची मालकी शासनाची असते आणि ते गावाच्या उपयोगासाठी ग्रामपंचायतीकडे सोपविलेले असते. इंग्लंडमधील कॉमनची मालकी मात्र सामान्यतः 'मॅनर'च्या धन्याकडे, म्हणजे खाजगी जमीनदाराकडे असे. त्या जमिनीवर ठरावीक घरांना वा शेतांना गुरे चारण्याचा, सरपण किंवा इंधनासाठी माती काढण्याचा, डुकरांना ओकची फळे खाऊ घालण्याचा हक्क असे. हे हक्क धारण करणारे ते 'कॉमनर', अर्थात वहिवाटदार. 'सामाईक' हा शब्द येथे उपभोगाला लागू पडतो, मालकीला नव्हे. गावाबाहेरून आलेल्या माणसाचा या रचनेत कोठेच समावेश नव्हता. तो आला आणि कोणी हटकले नाही तर फिरून परत जाई, इतकेच.

१२३५ च्या मर्टनच्या कायद्याने वहिवाटदारांपुरते पुरेसे कुरण शिल्लक ठेवून उरलेल्या जमिनीस कुंपण घालण्याची मुभा धन्यास दिली होती. पुढे संसदेच्या स्वतंत्र अधिनियमांनी कुंपणबंदीस वेग आला. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक अधिनियम संमत झाले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक जमीन आली. १८४५ च्या सर्वसाधारण कायद्याने कुंपणबंदी करताना व्यायामासाठी व करमणुकीसाठी काही जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली खरी. पण पुढील पाव शतकात कुंपणाखाली गेलेल्या सुमारे सहा लाख एकरांपैकी अशा सार्वजनिक कामांसाठी जेमतेम चार हजार एकर राखले गेले. तरतूद कागदावर होती, हेच येथे म्हणावे लागते.

कुंपण कोणी पाडावे?

१८६५ मध्ये जॉर्ज शॉ-लेफेव्हर यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये 'कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी' स्थापन झाली. जॉन स्टुअर्ट मिल तिच्याशी संबंधित होते; पुढे ऑक्टेव्हिया हिल आणि सॉलिसिटर रॉबर्ट हंटर हे तिच्या कार्याचे आधारस्तंभ ठरले. संस्थेचे उद्दिष्ट वाढत्या महानगरातील लोकांसाठी मोकळ्या जागा वाचविण्याचे होते. तथापि न्यायालयात 'लोकांना फिरायला जागा हवी' असे म्हणून दावा टिकणे शक्य नव्हते. मनसोक्त भटकण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्रजी कायद्यास मान्यच नव्हता. स्टोनहेंजसंबंधीच्या १९०५ च्या खटल्यातही न्यायालयाने हेच सांगितले. परिणामी संस्थेने निराळा मार्ग धरला. एखादा जिवंत वहिवाटदार शोधायचा, त्याच्या चराईच्या वा सरपणाच्या हक्कावर दावा उभा करायचा आणि त्या हक्काच्या आडोशाने संपूर्ण जमीन मोकळी ठेवायची.

बर्कहॅमस्टेड येथील प्रकरण याचे ठळक उदाहरण होय. लॉर्ड ब्राउनलो यांनी १८६६ च्या प्रारंभी तेथील कॉमनच्या चारशेहून अधिक एकरांस लोखंडी कुंपण घातले. त्याच वर्षीच्या ६ मार्चच्या रात्री ऑगस्टस स्मिथ यांनी लंडनहून आगगाडीने शंभरावर मजूर आणवून ते कुंपण उखडून टाकले. स्मिथ हे सिली बेटांचे धनी, म्हणजे स्वतःच मोठे जमीनदार होते. पण बर्कहॅमस्टेडमध्ये त्यांची मालमत्ता असल्याने ते तेथील वहिवाटदारही होते आणि १८७० मध्ये निकाल लागला तो याच नात्याने. जनतेच्या बाजूने झालेला हा विजय जनतेच्या नावावर नोंदला गेला नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

एपिंगचे अरण्य

या साऱ्या इतिहासाचे मर्म लंडनच्या ईशान्येस असलेल्या एपिंग अरण्यात दिसते. तेथील लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा हक्क होता. कोकणात राबासाठी कवळ तोडतात, त्याची आठवण व्हावी अशीच ही पद्धत. झाड बुंध्यापासून न तोडता गुरांचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर फांद्या छाटायच्या, म्हणजे त्याच जागी पुन्हा नवे धुमारे फुटतात. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत हा हंगाम चाले. पहिल्या रात्री कुऱ्हाड पडली नाही तर हक्क बुडतो, अशी गावात समजूत होती. त्या रात्री गावकऱ्यांना मेजवानी देऊन दारूत गुंगवण्याचा डाव टाकला गेला आणि टॉमस विलिंगेल याने वेळेवर बाहेर पडून फांदी तोडली, अशी आख्यायिकाही सांगितली जाते.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी नोंदलेला इतिहास कमी बोलका नाही. लाउटनच्या धन्याने १८६० च्या दशकाच्या मध्यास एक हजार एकरांहून अधिक अरण्यास कुंपण घातले. विलिंगेल कुटुंबाने तोड चालूच ठेवली आणि १८६६ मध्ये त्या कुटुंबातील माणसांना तुरुंगात जावे लागले. सोसायटीच्या साहाय्याने विलिंगेलने दावा लावला. परंतु १८७० मध्ये त्याचा मृत्यू झाल्याने तो निकालात निघू शकला नाही. त्यानंतर लंडन शहराचे कॉर्पोरेशन पुढे आले. कॉर्पोरेशनने अरण्याच्या दक्षिण टोकास दफनभूमीसाठी जमीन घेतली होती आणि त्या जमिनीसोबत चराईचा हक्क आला होता. महानगराची श्रीमंत संस्था अशा रीतीने गुरे चारणाऱ्याच्या भूमिकेत न्यायालयासमोर उभी राहिली! १८७४ मध्ये सर जॉर्ज जेसेल यांनी कॉर्पोरेशनच्या बाजूने निर्णय दिला आणि सुमारे तीन हजार एकरांवरील कुंपणे बेकायदेशीर ठरली.

१८७८ च्या एपिंग अरण्य अधिनियमाने हे अरण्य कॉर्पोरेशनच्या संरक्षणाखाली, लोकांच्या विहारासाठी व आनंदासाठी कायमचे मोकळे ठेवण्याचे ठरले. अरण्याचे 'नैसर्गिक रूप' शक्य तितके जतन करावे, असे कर्तव्य संरक्षकांवर सोपविण्यात आले आणि उपविधी करण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. मात्र ज्या फांदीतोडीच्या हक्कासाठी विलिंगेल कुटुंबाने तुरुंग पाहिला, तो हक्क याच अधिनियमाने भरपाई देऊन संपुष्टात आणला. भरपाईच्या रकमेतून लाउटनमध्ये 'लॉपिंग हॉल' हे सभागृह बांधण्यात आले व ते १८८४ मध्ये खुले झाले. तत्पूर्वी ६ मे १८८२ रोजी राणी व्हिक्टोरियाने अरण्य जनतेस अर्पण केले होते. ज्या कृतीमुळे अरण्य वाचले, तीच कृती आता अपराध ठरली. चराई तेवढी शिल्लक राहिली.

याच वर्षी, १८७८ मध्ये, भारतीय वन अधिनियम संमत झाला, ही नोंद येथे अप्रस्तुत ठरू नये. एका ठिकाणी वहिवाट संपविताना नगद भरपाई दिली गेली. दुसऱ्या ठिकाणी वहिवाटीला मुळात 'हक्क' न मानता 'सवलत' मानण्याकडे शासनाचा कल राहिला. ठाणे जिल्ह्यात राबासाठी टहाळ तोडण्यावरून इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. कारणे निराळी होती, एकीकडे नागरिकांचा विहार तर दुसरीकडे सरकारचे इमारती लाकूड. कुऱ्हाड मात्र दोन्हीकडे गावकऱ्याच्याच हातून काढून घेतली गेली.

एपिंगमधील निर्णयाचा परिणाम झाडांवरही झाला. शतकानुशतके छाटली जाणारी बीच व हॉर्नबीमची झाडे मोकळी वाढू लागली. माथ्याचा भार वाढला, छत्र मिटले, खालच्या जमिनीवर ऊन पोहोचेना आणि मोकळ्या माळांवर बर्चची रोपे माजली. 'नैसर्गिक रूप' म्हणून जे जपायचे होते ते माणसाच्या कुऱ्हाडीने आणि गुरांच्या तोंडाने घडविलेले होते, हे लक्षात येण्यास जवळपास शंभर वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या झाडांची छाटणी पुन्हा सुरू करण्यात आली. १९९६ मध्ये गुरांच्या रोगसाथीमुळे थांबलेली चराई २००२ पासून लांब शिंगांच्या देशी गाईंचा कळप आणून पुन्हा चालू करण्यात आली. हे काम आता व्यवस्थापनाचा भाग म्हणून संरक्षक स्वतः करवून घेतात.

नियमांतून हक्काकडे

१८६६ च्या महानगर कॉमन्स अधिनियमाने लंडन परिसरातील कुंपणबंदी रोखली आणि व्यवस्थापनाच्या योजना व उपविधी यांची वाट मोकळी केली. १८९९ च्या अधिनियमाने तशीच सोय स्थानिक परिषदांसाठी केली. अभ्यागताला कायद्याने स्पष्ट हक्क मिळाला तो १९२५ च्या मालमत्ता अधिनियमाने. महानगरातील आणि नगरहद्दीतील कॉमनवर 'हवा व व्यायाम' यांसाठी जनतेस प्रवेश देण्यात आला. त्याच कलमात वाहन नेणे, तळ ठोकणे व आग पेटविणे हे या हक्कात येत नाही असे म्हटले असून उल्लंघनास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड ठेवला होता. हक्क आणि मनाई एकाच वाक्यरचनेत जन्मास आली. 'हवा व व्यायाम' यात घोडेस्वारी बसते की नाही, या प्रश्नावर तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस खटला होऊन ती बसते असा निर्णय झाला.

ग्रामीण भागातील कॉमनना हा हक्क २००० च्या 'ग्रामप्रदेश व मार्गाधिकार' अधिनियमाने मिळाला. त्याच्या परिशिष्टातील यादी लांबलचक आहे. कुत्र्याखेरीज अन्य प्राणी आणू नये. १ मार्च ते ३१ जुलै या काळात, तसेच गुरांजवळ असताना केव्हाही, कुत्रा आखूड दोरीने बांधलेला असावा. आग पेटवू नये. नियम मोडणारा त्या क्षणी अभ्यागत राहत नाही, अतिक्रमक ठरतो आणि ७२ तास त्या जमिनीवर त्याला परतता येत नाही. यातील मार्च ते जुलै ही मुदत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीची आहे आणि गुरांजवळची अट मेंढपाळाच्या अनुभवाची. म्हणजे वहिवाटदार येथे नियमाच्या रूपाने पुन्हा डोकावतो.

डार्टमूर : तळ ठोकण्याचा प्रश्न

इंग्लंडच्या नैऋत्येस असलेल्या डार्टमूरची कथा थोडी वेगळी आहे. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स अधिनियमाने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. चराईचे नियमन करण्यासाठी वहिवाटदारांची परिषद स्थापली आणि पायी वा घोड्यावरून 'मोकळ्या हवेतील विहारासाठी' येण्याचा हक्क जनतेस दिला. राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाच्या १९८९ च्या उपविधींत तंबूविषयी बारीक तपशील होते. सार्वजनिक रस्त्यापासून १०० मीटरांच्या आत वा कुंपण घातलेल्या जागेत तंबू नको, सलग दोन रात्रींहून अधिक मुक्काम नको. एपिंगप्रमाणे येथे वहिवाट मोडीत काढली गेली नाही. ती अभ्यागताच्या शेजारी ठेवली गेली.

पण रात्रीचा मुक्काम हा मुळात 'विहार' आहे काय? एका जमीनमालक दांपत्याने हा प्रश्न न्यायालयात नेला. आगीचा धोका आणि गुरांना होणारा उपद्रव ही त्यांची तक्रार होती, आणि माळरानावर गुरे राखणाऱ्या कोणालाही ती क्षुल्लक वाटणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अपील न्यायालयाचा निर्णय कायम केला. 'पायी वा घोड्यावरून' हे शब्द कसे यावे हे सांगतात. आल्यावर कोणता विहार करावा यावर ते बंधन घालत नाहीत, अशी त्यामागील विचारसरणी होती. १९२५ च्या कायद्याने तळ ठोकण्यास नाव घेऊन मनाई केली होती, १९८५ च्या कायद्याने तसे केले नाही, हा फरक या संदर्भात सूचक आहे.

या निकालाने सुमारे ३७ हजार हेक्टरांवर एका रात्रीच्या मुक्कामाचा हक्क टिकला. तक्रारीतील आगीचा आणि गुरांचा प्रश्न मात्र निकालाने सुटला नाही. तो उपविधींकडे आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या रक्षकांकडे परत गेला आहे.