सांगडीची कुळकथा

रावेतला पवनेच्या काठी आमचा मळा होता तेव्हा विहिरीलगतच्या खोपटात आड्याला दोन वाळके भोपळे टांगलेले असायचे. मोट कधीच थांबली होती, इंजिन आलं होतं, पण भोपळे जागचे हलले नव्हते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आबा ते खाली काढायचे. आधी एकेक भोपळा कानाशी धरून हलवायचे. बिया खुळखुळल्या तर भोपळा कोरडा. आवाज दबका आला तर आत ओल शिरली. मग तो पाण्यात दाबून धरायचे आणि कुठून बुडबुडा निघतो का ते बघायचे. देठापाशी चीर सापडली की मेण वितळवून भरायचे. सगळं मनासारखं झालं की दोन्ही भोपळे हातभर अंतर ठेवून दोरीनं बांधायचे. मधली दोरी पोराच्या छातीखाली आणि भोपळे दोन्ही काखांच्या बाहेर. "सांगड नीट बसली का रे?" एवढं विचारायचे, आणि पुढच्या क्षणी आम्ही पाण्यात असायचो.

पुढे 'सिद्धांत आणि व्यवहार यांची सांगड' असं पुस्तकात वाचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते दोन भोपळेच आले. आजही येतात. भाषणांत रोज वापरला जाणारा हा शब्द मुळात पाण्यावर जन्मलेला आहे. त्याचं कूळ शोधायला निघालं की माणूस थेट ब्राझीलच्या किनाऱ्याला लागतो.

आधी साधा प्रश्न: भोपळे दोनच का? माणसाचं अंग पाण्यात जवळजवळ तोलून राहतं; जड जातं ते पाण्याबाहेर धरलेलं डोकं, साडेचार-पाच किलोचं. चार लिटर आकारमानाचा वाळका भोपळा जेमतेम अर्धा किलो भरतो, म्हणजे तो साडेतीन किलो सहज उचलून धरतो. दोघांचे मिळून सात किलो झाले, पोराला ते पुरून उरतात. मग तेवढ्याच ताकदीचा एकच मोठा भोपळा का घेऊ नये? कारण एकटा भोपळा गरगर फिरतो. पोटाखाली धरला तर निसटून वर उसळतो आणि पोराला पालथं पाडतो. नुसत्या ओंडक्याचंही तेच, त्यावर बसलं की तो लोळतो. दोन ओंडके शेजारी बांधले, की दोघांचंही लोळणं थांबतं. एकाचं फिरणं दुसरा अडवतो. सांगडीचं सगळं शास्त्र एवढंच आहे, आणि ते पुस्तकाच्या आधी नदीकाठच्या माणसाला कळलं होतं.

मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात 'सांगड' आहे आणि तिचा पहिला अर्थ पाण्यावरचाच आहे: दोन होड्या एकत्र बांधून केलेलं तरंगतं साधन, तसंच पोहण्यासाठी जोडीनं बांधलेले भोपळे. त्यामागे संस्कृतातला 'संघाट' उभा आहे. संघाट म्हणजे लाकडाला लाकूड बसवणं, जोडकाम. प्राकृतात त्याचं 'संघाड' झालं आणि अर्थ 'जोडी' असा ठरला. पाली जातककथांमध्ये तराफ्याला 'नावासंघाट' म्हटलं आहे. सुताराच्या हातातला शब्द नावाड्याच्या हातात कसा गेला, हे तिथं स्पष्ट दिसतं.

यानंतरचा पुरावा परक्या माणसाच्या हातचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं सागरी प्रवासाचं टिपण लिहिलं. आपल्या कल्याण, सोपारा, चौल या बंदरांची नावं ज्या टिपणात येतात, तेच हे. पूर्व किनाऱ्याबद्दल लिहिताना तो सांगतो, की इथं एकसंध ओंडके एकमेकांना बांधून केलेली फार मोठी जहाजं असतात आणि त्यांना 'संगारा' म्हणतात. 'ड'चा उच्चार ग्रीक कानाला 'र' ऐकू आला एवढाच फरक. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा शब्द बंदरावर एवढा रुळलेला होता की परदेशी माणसाला तो टिपून घ्यावासा वाटला.

मल्याळममध्ये तराफ्याला 'चङ्ङाडम' म्हणतात. १४९८नंतर पोर्तुगीज मलबारला उतरले आणि त्यांनी हा शब्द उचलून 'जांगादा' केला. तो त्यांच्या जहाजांबरोबर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला गेला. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी परंपरेनं हलक्या लाकडाचे ओंडके बांधून, त्यावर शीड चढवून समुद्रात जात. त्या नावेचं नाव जांगादा, आणि तिच्यावरचा माणूस जांगादेइरो. १८८१ साली सेआरा प्रांतातल्या फोर्तालेझा बंदरात विकलेले गुलाम जहाजापर्यंत पोचवायला अशाच नावाड्यांनी नकार दिला. फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो हा त्यांचा म्होरक्या. सेआरानं १८८४ साली गुलामगिरी रद्द केली, संपूर्ण ब्राझीलच्या चार वर्षं आधी. योगायोग असा, की ज्यूल व्हर्ननं त्याच १८८१ साली ॲमेझॉनवरच्या अवाढव्य तराफ्याची कादंबरी लिहिली, तिचंही नाव 'ला जांगादा'. आबांच्या भोपळ्यांचा शब्द तिथवर पोचलेला होता.

तो शब्द परतही आला असावा. केरळात गाड्या पलीकडे नेणाऱ्या सपाट फेरीबोटीला आज 'जंकार' म्हणतात. आपल्या कोकणात दाभोळ-धोपावेला किंवा दिघी-आगरदांड्याला लोक 'जंगलजेटी'नं खाडी ओलांडतात. त्या नावातलं जंगल झाडाझुडपांचं नाही. तो या जंकारचाच भाऊ, असं माझं मत आहे.

या कुळातली मला सगळ्यात प्रिय असलेली हकीकत यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात आहे. मलबारात अनोळखी मुलखातून जाणाऱ्या वाटसरूला नायर रखवालदार सोबत करायचा. वाटसरूच्या जिवाची हमी तो स्वतःच्या जिवावर घ्यायचा. पोर्तुगीजांनी अशा सोबत्याचं नाव 'जंकादा' असं टिपलं आहे, आणि कोशकारांनी तेही तराफ्याच्या याच शब्दाशी नेऊन जोडलं आहे. तराफा आणि सोबती या दोघांना एकच नाव. पाण्यात बांधलेला दुसरा भोपळा आणि रानात बरोबर चालणारा दुसरा माणूस यांत त्या भाषेला फरक वाटला नाही.

मराठीत हा शब्द किती जुना? १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत तो आहे. सातव्या अध्यायात मायेच्या नदीचं लांबलचक वर्णन येतं. ती तरून जायला कोणी काय काय बांधून उडी घेतली, हे ज्ञानदेव एकामागून एक सांगतात, आणि त्यांत तिन्ही वेदांची सांगड घेऊन निघालेलेही आहेत. पण त्यांनी बरोबर अहंकाराचा धोंडाही घेतला, म्हणून ते माशाच्या तोंडी गेले. हे रूपक ज्याला सुचलं, त्यानं इंद्रायणीवर खरीखुरी सांगड पाहिलेली असणार. सांगड चांगली असूनही गळ्यात धोंडा असेल तर काय होतं, हे काठावरच्या माणसालाच ठाऊक असतं.

नद्यांनुसार सांगडीची रूपं बदलली. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुरात गुळाची काहीलच होडी होते. रुंद आणि उथळ असल्यामुळे ती एकटीही तरते. दोन होड्यांवर फळ्या टाकल्या की बैलगाडी पलीकडे जाते. अशा होड्या ओळीनं मांडल्या की पूल होतो. फौजेचे तरंगते पूल याच तत्त्वावर उभे राहतात. आमच्या रावेतहून पवना खाली वाहत दापोडीला मुळेला मिळते, तिथं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि थोडं पलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र. वल्ही मारण्यात रिओ ऑलिंपिकपर्यंत गेलेला आपल्या नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ याच बॉम्बे सॅपर्सचा जवान. फौजेत जाण्याआधी तो वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. विहिरीतून नावेत गेलेला हा माणूस मला सांगडीच्या कुळातला वाटतो.

विहिरीचं निघालं म्हणून पाण्याखालचंही सांगतो. आपला दख्खनचा काळा कातळ विरघळत नाही. त्याच्या भेगांतून, सांध्यांतून, मुरुमातून पाणी पाझरतं, म्हणून आपल्याकडे झऱ्याच्या तोंडाशी फार तर एखादी कपार असते. कळशी विहिरीत पडली की आधी गळ टाकायचा. गळाला लागली नाही तर पट्टीचा पोहणारा बुडी मारून कपार चाचपायचा. तेव्हाही त्याच्या कमरेला दोर असायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे सापडली, लागोपाठ हिसके म्हणजे ओढ.

याउलट अमेरिकेच्या फ्लोरिडात खडक चुनखडीचा आहे. पावसाच्या किंचित आंबट पाण्यानं तो हजारो वर्षं विरघळत गेला, आणि झऱ्यांच्या तोंडाशी नुसती कपार न राहता दालनंच्या दालनं तयार झाली. तिथल्या सिल्व्हर स्प्रिंग्जवर काचेच्या तळाच्या होड्या १८७०च्या दशकापासून फिरतात. सकाळी होडीतून तळ बघायचा आणि दुपारी पाठीला हवेचं सिलिंडर बांधून दुसऱ्या एखाद्या झऱ्याच्या गुहेत उतरायचं, असा दिवस तिथले लोक हौसेनं घालवतात. गुहेच्या तोंडापुरतं खास प्रशिक्षण घेतलेल्यानं बाहेरचा उजेड दिसत राहील तेवढंच आत जायचं. त्यापुढे मृत्यूचं चित्र काढलेली पाटी असते: इथून मागे फिरा.

त्यापुढे जाणारे फार मेले. शेक एक्सली या पाणबुड्यानं त्या मृत्यूंची कारणं तपासून १९७९ साली नियमांचं पुस्तक लिहिलं. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून अखंड दोर धरून ठेवा, हा एक नियम. आबांच्या विहिरीवर तो होताच. दुसरा नियम तिसऱ्या हिश्शाचा: एक तृतीयांश हवेत आत जा, एक तृतीयांश हवेत परत या, उरलेली हवा राखून ठेवा. ही राखीव हवा कोणासाठी? सोबत्यासाठी. सगळ्यात आतल्या टोकाला एकाची हवा अचानक संपली, तर दुसऱ्याकडे दोन तृतीयांश शिल्लक असते. प्रत्येकाला बाहेर यायला एक तृतीयांश लागते. दोघंही बाहेर येतात. मात्र दोघांनीही आधी आपापला हिस्सा राखलेला असला पाहिजे. हे गणित मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा भोपळा कानाशी धरून खुळखुळ ऐकणारे आबा आठवले. दोन्ही भोपळे स्वतंत्रपणे का तपासायचे, याचं उत्तर त्या गणितात आहे.

म्हणून 'सांगड' हा शब्द 'मिलाफ' किंवा 'मिश्रण' यांच्या जागी वापरू नये, असं मला मनापासून वाटतं. मिश्रणात दोन्ही पदार्थ हरवतात. सांगडीत दोन्ही भोपळे शेवटपर्यंत वेगळे, अभंग आणि कोरडे राहतात. दोरी त्यांना एक करत नाही, फक्त एकमेकांपासून सुटू देत नाही. एकाला चीर गेली तर दुसरा दोघांचा भार पेलत नाही, आणि माणूस गटांगळ्या खातो.

आमच्या भागात कुठल्याही समारंभात 'उद्योग आणि पर्यावरण यांची सांगड' हे शब्द ऐकू येतात. रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड शहर पवनेचं पाणी उचलतं, ते निगडीला शुद्ध होतं आणि घरोघरी जातं. त्याच बंधाऱ्याखालून दापोडीपर्यंत नदीला सांडपाणी आणि जलपर्णी यांना तोंड द्यावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवनेचा रावेत ते दापोडी हा पट्टा नोंदला आहे. एक भोपळा फुगून टम्म झाला आहे आणि दुसऱ्याला चीर गेली आहे. याला सांगड म्हणता येणार नाही.

आमचा मळा गेला, विहीर बुजली, भोपळे कधी फुटले ते आठवत नाही. शब्द मात्र शाबूत आहे. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून सांगड घालायची म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: दुसरा भोपळा कानाशी धरून पाहिलात का?