खाशाबा जाधव : लाल माती, कांस्यपदक आणि खाकी वर्दी

१/ कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. घराणेच मल्लांचे. लाल मातीत घडलेला हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

२/ १९५२ च्या हेलसिंकीवारीसाठी पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

३/ हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, तब्बल ४४ वर्षे वाट पाहावी लागली.

४/ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नोकरी मात्र १९५५ साली मिळाली, पोलीस उपनिरीक्षकाची. साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, परंतु निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले.

५/ १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ज्या पदकासाठी एका शिक्षकाने घर पणाला लावले, त्याचे मोल ओळखायला राष्ट्राला अर्धशतक लागले.