मारियाज फ्रेर

मारियाज फ्रेर : पॅरिसमधील चहाची जुनी पेढी (स्था. १ जून १८५४). नावाचा अर्थ ‘मारियाज बंधू’. ‘मारियाज’ म्हणजे फ्रेंचमध्ये लग्न. येथे ते आडनाव आहे. आंरी व एदुआर या भावांनी ती काढली. मारे भागातील रू द्यु बूर-तिबूर येथे तिचे दुकान आहे.

पूर्वपीठिका : पेढी आपले मूळ चौदाव्या लुईच्या काळापर्यंत नेते. १६६४ मध्ये मंत्री कोल्बेर याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी उभी केली आणि इराणचा शाह व मोगल बादशहा यांच्याकडून व्यापारी सवलती मिळवण्यासाठी पाच जण रवाना झाले. लालँ व ला बुलाय-ल-गू हे राजाच्या वतीने. बेबेर, द्यूपाँ व निकोला मारियाज कंपनीच्या वतीने. मारियाज व द्यूपाँ यांची नेमणूक इराणपुरती होती असे दिसते; पेढीच्या कथनात मात्र निकोलाचा प्रवास मोगल दरबारापर्यंत पोचतो. ला बुलाय व बेबेर १६६६ मध्ये सुरतेस आले. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते याच वर्षी. औरंगजेबाने फ्रेंचांना सुरतेत व्यापाराचे फर्मान दिले आणि १६६८ मध्ये कंपनीच्या फ्रांस्वा कारों याने तेथे वखार थाटली. सुरतेच्या १६७० च्या लुटीत फ्रेंचांनी मराठ्यांशी परस्पर समेट करून वखार वाचवली, असा इंग्रजांच्या पत्रव्यवहाराचा सूर आहे. कंपनीचे लक्ष त्या काळी मुख्यतः कापड, रेशीम, नीळ व मिरी यांवर होते, चहावर नव्हे. निकोला व १८५४ चे संस्थापक एकाच कुळातले, असे पेढी सांगते. राजघराण्याशी तिचे जे नाते जोडले जाते, त्याला आधार एवढाच.

फ्रेंच दरबारात चहा शिरला तो औषध म्हणून. कार्डिनल माझारँ सांधेदुखीवर तो घेई. पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये हिच्या पत्रांत दूध घातलेल्या चहाचा उल्लेख येतो. सामान्य फ्रेंच माणूस पुढे कॉफीकडे वळला.

व्यापार : शंभराहून अधिक वर्षे केवळ घाऊक. १९८० नंतरच्या दशकात घराण्याची शेवटची वारस मार्त कोतँ हिच्याकडून पेढी रिचर्ड ब्यूनो व थायलंडचा किट्टी चा संगमनी या तरुणांकडे आली. त्यांनी किरकोळ विक्री व चहागृह सुरू केले. फळाफुलांच्या वासाचा ‘मार्को पोलो’ हा मिश्रचहा याच काळातला आणि आज सर्वांत परिचित. काळे डबे, मलमलीच्या पुरचुंड्यांतला चहा आणि पांढऱ्या पोशाखातले वाढपी ही पेढीची ओळख. वसाहतकाळाची ही नक्कल सगळ्यांनाच रुचते असे नाही. पहिल्या खुडणीचा दार्जिलिंग येथे आवर्जून मिळतो. 

संग्रहालय : बूर-तिबूरच्या दुकानात, वरच्या मजल्यावर; चहाच्या जुन्या पेट्या, डबे, किटल्या.

शाखा : पॅरिसमध्ये अनेक, शिवाय लंडन व जपान.