फिलिपाईन बेटांवरील महातुफान आणि सरकारचें साहाय्य

फिलिपाईन बेटांचें नांव आम्हां वसईकरांस परकें नाहीं. आपले संत गोन्सालो गार्सिया मनिला येथेंच फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले व १५९३ सालीं तेथूनच जपानास गेले. त्यांच्या हौतात्म्याच्या कथेंतही एक तुफान आहे. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें ‘सान फेलिपे’ हें जहाज १५९६ सालीं तुफानांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें, त्यावरील मालाची जप्ती झाली, आणि त्या प्रकरणांतून पेटलेल्या रोषाचा शेवट ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथील क्रुसांवर झाला. त्या समुद्राचा स्वभाव अद्याप पालटलेला नाहीं. सात हजारांहून अधिक बेटांच्या ह्या देशाच्या सागरी हद्दींत दरसाल सुमारें वीस तुफानें शिरतात.

त्यांपैकीं २०१३ सालच्या तुफानास जग ‘हायान’ म्हणतें व तेथील लोक ‘योलांदा’ म्हणतात. ८ नोव्हेंबर रोजीं पहांटे तें सामार बेटाच्या आग्नेय टोकास गुइवान येथें प्रथम आदळलें आणि लेयटे, सेबूचें उत्तर टोक, बंतायान, पनाय अशीं बेटें एकामागून एक ओलांडीत पश्चिमेस गेलें. सरकारी गणनेप्रमाणें ६,३०० माणसें मृत्युमुखीं पडलीं व हजाराहून अधिक बेपत्ता झालीं. पुष्कळांचा जीव वाऱ्यापेक्षां पाण्यानें घेतला. ताक्लोबान शहरांत पांच ते सहा मीटर उंचीची लाट शिरली.

इशारा मिळाला नव्हता असें मात्र नाहीं. राष्ट्राध्यक्ष आकिनो ह्यांनीं आदल्या संध्याकाळीं स्वतः भाषण करून लोकांस लाटांविषयीं बजाविलें होतें. परंतु हवामान खात्याचा ‘स्टॉर्म सर्ज’ हा इंग्रजी शब्दप्रयोग किनाऱ्यावरील अनेकांस उमगलाच नाहीं. ‘त्सुनामी’ म्हटलें असतें तर आपण उंचावर पळालों असतों, असें वांचलेल्यांपैकीं कित्येकांनीं मागाहून सांगितलें. खेदाची गोष्ट ही कीं, ह्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर १८९७ मध्यें समुद्र असाच गांवांत शिरला होता, आणि मनिला वेधशाळेचे येशूसंघीय धर्मगुरु होसे आल्गे ह्यांनीं त्याचें वर्णन लागलीच पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें होतें. तें ज्ञान ग्रंथालयाबाहेर फारसें आलें नाहीं.

आतां साहाय्याविषयीं. २०१० सालच्या कायद्यानें आपत्तिनिवारणाचा पहिला भार स्थानिक सरकारावर टाकला व उत्पन्नाचा किमान पांच टक्के भाग त्यासाठीं राखून ठेवावयास सांगितलें. कायदा चांगला, पण कोळ्यांच्या लहानशा बेटाच्या उत्पन्नाचे पांच टक्के ते किती! शिवाय ताक्लोबानमध्यें ज्यांनीं मदत करावयाची ते शिपाई व कारकूनच आपलीं माणसें शोधीत होते. दोन केंद्रीय मंत्री तुफानापूर्वींच तेथें येऊन राहिले होते, तथापि संदेशवहन तुटल्यामुळें त्यांस राजधानीशीं बोलतां येईना. ११ नोव्हेंबर रोजीं राष्ट्रीय आपत्ति जाहीर झाली. पुढें धान्य आलें, परंतु त्यांतील कांहीं वांटपापूर्वींच नासलें, असा ठपका सरकारच्याच लेखापरीक्षकांनीं ठेवला.

खरा पेंच पुनर्वसनाच्या वेळीं पडला. घर पूर्ण मोडलेल्या कुटुंबास ३०,००० पेसो व अंशतः मोडलेल्यास १०,००० पेसो द्यावे असें ठरलें. तथापि त्यासाठीं याद्या झाल्या, याद्यांस अटी आल्या. आणि समुद्रापासून चाळीस मीटरांच्या आंत घर बांधूं नये असा दंडक निघाला. जीविताच्या दृष्टीनें हा विचार चुकीचा होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कोळ्याची होडी, जाळें व मासळीचा बाजार हीं सारीं त्याच चाळीस मीटरांत असतात, आणि लहान बेटावर तेवढी जागा सोडली तर उरतें तरी काय? धोक्याच्या पट्ट्यांत राहणाऱ्यांस तें अर्थसाहाय्यही नाकारण्यांत आलें. म्हणजे ज्यांचें सर्वाधिक वाहून गेलें तेच यादीबाहेर राहिले. मनिला येथें बसून आंखलेली रेषा बेटावर कशी दिसते, हें आंखणाऱ्यानें जाऊन पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

ह्याच तुफानांतील दुसरें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. सेबू प्रांतांतील कामोतेस बेटांजवळ तुलांग दियोत नांवाचें इवलेंसें बेट आहे. तेथील सुमारें पांचशें घरें एकूणएक जमीनदोस्त झालीं, पण माणूस एकही दगावलें नाहीं. कारण आदल्याच दिवशीं सुमारें हजार रहिवाशांस होड्यांतून मोठ्या बेटावर नेण्यांत आलें होतें. सॅन फ्रान्सिस्को येथील नगरपालिकेनें तेथें वाडीवाडीची संघटना कैक वर्षें जोपासली होती. तेथें तिला ‘पुरोक’ म्हणतात. कोण म्हातारें आहे, कोणास उचलून न्यावें लागेल, हें शेजाऱ्यास ठाऊक असे. आणि जा म्हणणारा माणूसही ओळखीचा असे. ह्या कार्यास संयुक्त राष्ट्रांचें ‘सासाकावा’ पारितोषिक २०११ सालींच मिळालें होतें. सरकारी साहाय्याचा हाही एक प्रकारच होय. तो तुफानाआधीं पोहोंचला, इतकेंच.

केंद्र सरकार शिकलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. डिसेंबर २०१४ मध्यें ‘हागुपित’ तुफान पुन्हां सामारवर आलें, तेव्हां दहा लाखांहून अधिक लोक आधींच हलविले गेले, आणि मृतांची संख्या विसाच्या आंत राहिली. घरांचें काम मात्र रेंगाळलें. ताक्लोबानच्या उत्तरेस, समुद्रापासून दूर, नव्या वसाहती उभ्या राहिल्या; तेथें नळास पाणी येण्यास विलंब लागला व रोजगारही जवळ नव्हता. तेव्हां नव्या घराची किल्ली हातांत असलेले कित्येक कोळी गाडीभाडें खर्चून पुन्हां त्याच जुन्या किनाऱ्यावर मासेमारीस जाऊं लागले.